रुग्णाचे पूर्ववृत्त आणि देशव्यापी नोंदजाळे

रोग्याच्या शरीरात काय बिघडले आहे हे डॉक्टरला दोन वाटांनी कळते. एक वाट तपासणीची : नाडी, छातीला लावावयाची नळी, रक्त, क्ष-किरण. दुसरी वाट पूर्ववृत्ताची. पूर्वी कोणता आजार होऊन गेला, कोणते औषध लागू पडले, कोणते सोसले नाही, ही माहिती कोणत्याही यंत्रातून निघत नाही. ती कोणी तरी लिहून ठेवलेली असावी लागते, आणि तो लिहिलेला कागद वेळेवर हाती यावा लागतो. पहिल्या वाटेवर गेल्या शतकात विज्ञानाने केवढी मजल मारली हे सर्वश्रुत आहे. दुसऱ्या वाटेवर मात्र रोगी अजूनही बहुधा हातात एक पिशवी घेऊन चालत असतो. तीत चुरगळलेले केसपेपर, घड्या पडलेले रिपोर्ट, गोळ्यांच्या पाकिटांचे कापलेले तुकडे असतात. आणि नेमका हवा तो कागद घरी राहिलेला असतो.

ही तक्रार जुनी आहे. रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात अशा स्थितीत कोठेच सापडत नाहीत, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांविषयीच्या आपल्या पुस्तकात १८६३ मध्येच नमूद केले होते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील सुप्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्येही प्रारंभी प्रत्येक डॉक्टर आपापल्या खातेवहीत रोग्यांची टिपणे लिहीत असे. तोच रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की त्याची हकीकत दुसऱ्या वहीत जाई, आणि ती एकत्र वाचावयाची तर वह्यांचा ढीग उपसावा लागे. हेन्री प्लमर या डॉक्टरांनी १९०७ मध्ये ही पद्धत मोडली. त्यांनी प्रत्येक रोग्याला एक क्रमांक दिला आणि त्या क्रमांकाच्या एकाच पाकिटात त्याचे सर्व कागद ठेवण्याची व्यवस्था केली. नोंद डॉक्टरची होती, ती रोग्याची झाली. कल्पना इतकी साधी, की ती अंमलात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले याचेच नवल वाटावे.

पुढे संगणक आला. १९६० नंतरच्या दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय नोंदी ठेवण्याच्या हेतूने एक स्वतंत्र संगणकभाषाच रचण्यात आली. तिचे संक्षिप्त नाव 'मम्प्स', म्हणजे इंग्रजीत गालगुंड! अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी आपली नोंदव्यवस्था याच भाषेत उभारली, आणि तिची खरी कसोटी ऑगस्ट २००५ च्या अखेरीस लागली. कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लीन्स शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, दहा लाखांहून अधिक माणसे घरादारांना मुकून देशभर पांगली, आणि अनेक दवाखान्यांतील कागदी दप्तरे चिखलात नष्ट झाली. मधुमेहाचा रोगी दुसऱ्या राज्यातील छावणीत पोहोचे, पण आपण कोणती गोळी घेतो हे त्याला सांगता येत नसे. माजी सैनिकांचे रुग्णालयही रिकामे करावे लागले. परंतु त्याच्या नोंदींच्या प्रती ह्यूस्टनला नेऊन तेथील यंत्रांवर पुन्हा चालू करण्यात आल्या. तो सैनिक ज्या गावी पोहोचला, त्या गावच्या सैनिकी दवाखान्यात त्याचे पूर्ववृत्त त्याच्यापाठोपाठ गेले.

भारतात असे स्थलांतर घडण्यास वादळ यावे लागत नाही. समजा, दरभंग्याकडील एक मजूर सुरतेच्या यंत्रमागावर काम करतो आणि तेथे त्याला क्षयाचे निदान होते. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचारही सुमारे सहा महिने अखंड चालवावा लागतो. तिसऱ्या महिन्यात तो पेरणीसाठी गावी जातो. गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरपुढे तो नवा रोगी म्हणून उभा राहिला, तर कोणती औषधे, किती दिवस, मध्ये खंड पडला की नाही, सारेच अंधारात. खंड पडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारे जंतू बळावतात, आणि त्यांचा संसर्ग घरातील मुलांनाही होऊ शकतो. याच कारणाने क्षयरोग्यांसाठी 'निक्षय' ही देशव्यापी संगणकीय नोंदवही २०१२ मध्ये सुरू करण्यात आली. एका आजाराबाबत जे केले, तेच सर्व आजारांबाबत करावयाचे, हा देशव्यापी नोंदजाळ्याचा अर्थ होय.

'जाळे' हा शब्द येथे विचारपूर्वक योजलेला आहे. साऱ्या देशाच्या नोंदी एका अवाढव्य कोठारात साठवाव्यात अशी अनेकांची समजूत असते. भारताने तो मार्ग पत्करलेला नाही. सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाचकांना संयुक्त सूची परिचित असते : पुस्तके ज्या त्या ग्रंथालयातच राहतात, सूचीवरून फक्त कोणते पुस्तक कोठे आहे ते कळते. त्याचप्रमाणे रुग्णाची टिपणे ज्या रुग्णालयात लिहिली गेली तेथेच राहतात. जाळे फक्त दुवा जुळवते आणि रुग्णाची संमती मिळाल्यावर प्रत पोहोचविते. १५ ऑगस्ट २०२० रोजी ही योजना घोषित झाली. अंदमान-निकोबार, चंडीगड, दादरा-नगर हवेली व दमण-दीव, लडाख, लक्षद्वीप आणि पुदुच्चेरी या सहा केंद्रशासित प्रदेशांत ती प्रथम अजमावण्यात आली, आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने सर्व देशात लागू झाली. तीत प्रत्येक इच्छुक नागरिकास चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. 'इच्छुक' हा शब्द महत्त्वाचा. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे.

क्रमांकाची एवढी मातबरी कशासाठी, असा प्रश्न पडेल. नावावरून माणूस ओळखणे आपल्या देशात फार कठीण आहे. महाराष्ट्रात वडिलांचे नाव मध्ये येते, तमिळनाडूत त्याचे आद्याक्षर पुढे येते, आणि इंग्रजीत लिहिताना एकाच नावाची चार वर्णलेखने होतात. जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख घातलेले लोक गावोगाव आहेत. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर गैरसोय होते. दोन माणसांची नोंद एक झाली तर एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते आणि खऱ्या रोग्याला पेनिसिलीन टोचले जाते.

ओळख पटली तरी भाषेची अडचण उरते, आणि ती शास्त्रीयदृष्ट्या अधिक रोचक आहे. एखाद्या अहवालात मधुमेह्याच्या नावापुढे नुसता '७' हा आकडा आहे असे समजा. तो उपाशीपोटीच्या रक्तशर्करेचा असेल आणि युरोपात रूढ असलेल्या मिलिमोल प्रतिलिटर या एककात असेल, तर आपल्याकडील मोजणीने तो १२६ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर होतो. मधुमेहाच्या निदानाची उंबरठ्याची संख्या हीच. तो ग्लायकेटेड हिमोग्लोबिनचा असेल तर ७ टक्के, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी शर्करेची खूण. डॉक्टर संदर्भावरून ओळखतो; यंत्राला संदर्भ नसतो. म्हणून रोगांसाठी 'स्नोमेड' आणि 'आयसीडी', प्रयोगशाळेतील चाचण्यांसाठी 'लॉइंक', आणि नोंद एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठविण्यासाठी 'फायर' असे आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेले आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोंदींची मानके २०१३ मध्ये प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये सुधारली. हे काम रूक्ष आहे, त्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. पण जाळ्याचा भार याच खांबांवर आहे.

इतर देशांचा अनुभव दोन्ही परींचा आहे. तेरा-चौदा लाख वस्तीच्या एस्टोनियाने आपले आरोग्यजाळे २००८ मध्ये सुरू केले. तेथे आपली नोंद कोणी, केव्हा उघडली हे नागरिकाला स्वतः पाहता येते. ब्रिटनने २००२ मध्ये हाती घेतलेला प्रचंड कार्यक्रम मात्र अब्जावधी पौंड खर्चूनही रखडला, आणि तो मोडीत काढल्याची घोषणा २०११ मध्ये करावी लागली. सारी आखणी वरून झाली आणि ज्यांनी ती वापरावयाची त्या डॉक्टर-परिचारिकांचे मत पुरेसे विचारले गेले नाही, हे त्याच्या अपयशाचे एक प्रमुख कारण मानले जाते.

सुरक्षिततेचा प्रश्न तर आपल्या दारातच येऊन गेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि नोंदणीपासून रक्ताच्या नमुन्यांपर्यंतचे व्यवहार कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण गुप्ततेचा भंग नेहमी दूरचा चोरच करतो असे नाही. संमतीची विचारणा भ्रमणध्वनीवर येते, आणि अनेक घरांत तो एकच असतो, बहुधा पुरुषाच्या खिशात. सुनेच्या गर्भपाताची किंवा मनोविकाराची नोंद उघडण्यास अनुमती देणारा हात तिचाच आहे, हे यंत्र कसे ओळखणार? रोगी बेशुद्ध असेल तेव्हा काय, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. आगीच्या घंटेवरील काच फोडावी तशी नोंद तातडीने उघडू द्यावयाची, आणि ती कोणी उघडली याची कायमची खूण ठेवावयाची, अशी तोड अनेक देशांनी काढली आहे.

शिवाय लिहिणार कोण? बाह्यरुग्ण विभागात दारापर्यंत रांग असते आणि डॉक्टरच्या वाट्याला प्रत्येक रोग्यामागे मोजकी मिनिटे येतात. त्यांतील निम्मी पडद्याकडे पाहण्यात गेली तर रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहावयाचे केव्हा, ही अमेरिकी डॉक्टरांची तक्रार येथेही खरी ठरू शकते. म्हणून पुष्कळदा जुन्या कागदांची छायाचित्रे काढून तीच जोडली जातात. छायाचित्र माणसाला वाचता येते. परंतु त्यात 'पेनिसिलीन सोसत नाही' असे लिहिलेले असले, तरी औषध लिहिताना नुसत्या चित्रावरून संगणक डॉक्टरला अडवीत नाही. निदान न सोसणारी औषधे, चालू गोळ्या, जुने दीर्घ आजार आणि झालेल्या शस्त्रक्रिया एवढे तरी पहिल्या भेटीतच कोणी तरी विचारून टंकित करावे लागते. रांग लांब असते त्या दिवशी ते राहून जाते.