जमिनीखालचा धातू (भाग ६) : नेब्राची तबकडी ओळखली कशी?

गेल्या आठवड्यात मेटल डिटेक्टरचं काम पाहिलं. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, खाली धातू असला तर त्यात प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र कॉइलला जाणवतं. यंत्र वाजतं. इथे धातू आहे, एवढंच ते सांगतं. तो कोणाचा, कधीचा, कशासाठी घडवलेला, हे शोधायचं काम तिथून पुढे सुरू होतं. त्यासाठी आज जर्मनीला जाऊ.

४ जुलै १९९९ रोजी साक्सन-आनहाल्ट राज्यातल्या नेब्रा गावाजवळ, मिटलबेर्ग टेकडीवर दोघेजण विनापरवाना डिटेक्टर फिरवत होते. यंत्र वाजलं, त्यांनी घाईने खणलं आणि अवजाराचा घाव वस्तूच्या काठावर बसला. बाहेर आली सुमारे ३२ सेंटिमीटर व्यासाची, दोनेक किलो वजनाची कांस्याची तबकडी. मातीने माखलेली, पहिल्या नजरेला बादलीचं झाकण वाटावं अशी. सोबत दोन तलवारी, दोन कुऱ्हाडी, एक छिन्नी आणि वेटोळ्या कड्यांचे तुकडे होते. हा सगळा ऐवज त्यांनी कोलोनच्या एका व्यापाऱ्याला ३१ हजार मार्कांना विकला. पुढे तो हातोहात फिरला. २००२ च्या फेब्रुवारीत पुरातत्त्वज्ञ हाराल्ड मेलर खरेदीदार असल्याचं भासवून बाझेलला गेले आणि स्विस पोलिसांनी तबकडी ताब्यात घेतली.

ती खरी की बनावट? युरोपात तोवर असं काही सापडलेलंच नव्हतं, त्यामुळे ताडून पाहायला दुसरा नमुना नव्हता. पकडले गेल्यावर शोधणाऱ्यांनी जागा दाखवली. तबकडीला चिकटलेली माती त्या खड्ड्यातल्या मातीशी जुळली, आणि खड्ड्याच्या मातीत तांबं व सोनं यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. पृष्ठभागावरचा हिरवा मॅलाकाइटचा थर सावकाश, दीर्घकाळ वाढलेला होता. पुरातन धातूंचे अभ्यासक एर्न्स्ट पेर्निका यांनी धातूतलं शिसं-२१० तपासलं. या किरणोत्सारी शिशाचं अर्धायुष्य अवघं २२ वर्षांचं, म्हणून नव्याने गाळलेल्या तांब्यात ते मोजता येतं, जुन्यात उरत नाही. तबकडीत ते मिळालं नाही. तांबं ऑस्ट्रियातल्या मिटरबेर्गच्या खाणीतलं निघालं, तर सोन्याचा माग इंग्लंडच्या कॉर्नवॉलपर्यंत पोहोचला.

वयाचा सर्वात भरवशाचा पुरावा मात्र तबकडीत नव्हताच. तो तलवारीच्या मुठीत अडकलेल्या भूर्जाच्या सालीत होता. रेडिओकार्बन पद्धतीने तिचा काळ इसवी सनपूर्व १६०० च्या आसपास आला. तलवारी वेगळ्या विकल्या गेल्या असत्या, तर हा पुरावा कायमचा हातचा गेला असता.

आता तबकडीवर काय आहे ते पाहू. सोन्याच्या पत्र्याचा सूर्य किंवा पूर्णचंद्र, एक कोर आणि ठिपक्यांचे तारे. त्यांतले सात एका झुबक्यात आहेत. त्या कृत्तिका, असं खगोलशास्त्रज्ञ वोल्फहार्ड श्लोसर यांनी दाखवलं. काठावरच्या सोनेरी कमानी मागाहून बसवलेल्या, प्रत्येक सुमारे ८२ अंशांची. त्या अक्षांशावर दोन अयनदिनांमध्ये सूर्यास्ताची जागा क्षितिजावर जवळपास तेवढीच सरकते. कोर जाडसर आहे, यावरून खगोलशास्त्रज्ञ राल्फ हान्सेन यांनी पुढचा तर्क केला: वसंतात कृत्तिकांजवळ चार-पाच दिवसांची कोर दिसली, की त्या वर्षी अधिक मास धरायचा. अधिक मास ज्याच्या पंचांगात आहे त्या मराठी वाचकाला हा तर्क लगेच भुरळ घालतो. मलाही घातली. पण असा नियम लिहिलेला मिळतो तो बाबिलोनच्या ग्रंथात, तोही तबकडीहून बऱ्याच शतकांनंतरच्या. म्हणून कमानींचा अर्थ मला अधिक पक्का वाटतो.

२०२० मध्ये पुरातत्त्वज्ञ रुपर्ट गेबहार्ड आणि र्युडिगर क्राउझे यांनी वेगळीच शंका मांडली: तबकडी त्या तलवारींसोबतची नाहीच, ती लोहयुगातली असावी. पेर्निका, मेलर आणि इतरांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं आणि मला ते पटतं. तरी वादाला जागा राहिली, कारण वस्तू मातीतून निघत असताना तिथे नोंद करणारं कोणी नव्हतं.

आपल्याकडे यंत्राशिवायही हेच घडलं. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका ग्रामस्थाला खणताना कांस्याचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चारही वस्तूंचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं निखात धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा वस्तू वाचवू शकतो, पण तिच्याभोवतीचे थर एकदा खणले गेले की परत रचता येत नाहीत. म्हणून दायमाबादच्या मूर्तींच्या काळाबद्दलही वाद आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांसह अनेकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. हे आर्सेनिक तांब्यात येतं कुठून आणि त्यावरून काळ ठरवणं कितपत योग्य, ते पुढच्या भागात.