वाटीभर पोट, पंगतीचा जिल्हा

बुलढाणा जिल्ह्यात रोडग्यांच्या पंगतीला बसलेला पाहुणा एका रोडग्यावर उठू लागला, तर यजमानाला चैन पडत नाही. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेला जाडजूड रोडगा, त्यावर वरण, शेजारी वांग्याची भाजी आणि वाढप्याचा आग्रह : "घ्या ना भाऊ, काय होते एका रोडग्यानं!" वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला मात्र एका रोडग्यानं बरंच काही होतं. त्याच्या जठरात आता जेमतेम वाटीभर जागा असते. अर्धा रोडगा पोटात गेला की छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं आणि भर पंगतीतून उठावं लागतं.

विदर्भात अनेकांच्या कानावर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा गेली ती बहुधा २०११ मध्ये, भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली तेव्हा. खाण्याची आवड जाहीरपणे सांगणाऱ्या नेत्यानं पोट लहान करून घ्यावं, याचं लोकांना नवल वाटलं. आज या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची, १०० ते १५० मिलिलिटरची नळी ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला १५ ते ३० मिलिलिटरचा कप्पा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

जागा कमी झाली म्हणून खाणं कमी झालं, इतका हा मामला सरळ नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचू लागल्यानं जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं वाढतात. त्यामुळे पहिले काही महिने या माणसाला जास्त खाता येत नाही आणि खावंसं वाटतही नाही. घरचे लोक याला मनाचा निग्रह समजतात. खरं तर त्या काळात निग्रहाचं बरंचसं काम संप्रेरकंच करत असतात.

ही सवलत कायमची नसते. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहाव्या वर्षी ही घट सुमारे २५ टक्के राहिली. म्हणजे कमावलेलं बरंच टिकलं, पण काही परत आलं. माझ्या मते खरा प्रश्न या 'काही'चा आहे, कारण ते बहुधा पंगतीतून येत नाही.

ते येतं डब्यातून. लहान पोटाची एक विचित्र खोड आहे : चांगलं अन्न त्याला जड जातं आणि वाईट अन्न सहज उतरतं. ज्वारीची भाकरी, कोंबडीचा तुकडा, मोडाची मटकी नीट चावली नाही तर अडकते. शेव, चिवडा, चहात बुडवलेलं बिस्कीट तोंडातच विरघळतं आणि नळीतून निसटून जातं. वाटीभर पोटात एका वेळी थोडंच मावलं, तरी दिवसभर येता-जाता चिमूट-चिमूट टाकत राहिलं की उष्मांकांची बेरीज पूर्वीइतकी होऊ शकते. माणूस शपथेवर सांगतो, "मी जेवतच नाही," आणि ते खोटंही नसतं.

वरणात भाकरी कुस्करून खाण्याचंही तसंच. पहिल्या दीड-दोन महिन्यांत आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ अन्न या क्रमात हा काला फार उपयोगी पडतो. पण काही जण चावायला नको म्हणून वर्षानुवर्षं काल्यावरच राहतात. तो लवकर खाली उतरतो आणि भूकही लवकर लागते. जखम भरल्यावर घट्ट अन्न, लहान घास आणि भरपूर चावणं याकडे परत यायलाच हवं. जेवताना तांब्या शेजारी नको, ही सूचनाही अन्न लवकर खाली उतरू नये यासाठीच. जेवणानंतर साधारण अर्ध्या तासानं पाणी प्यावं. घाटाखालच्या शेगाव, नांदुरा, मलकापूरच्या उन्हाळ्यात हे पाळणं सोपं नाही. गटागटा पिता येत नसल्यानं दिवसभर घोट-घोट पाणी घेत राहावं लागतं.

ताटातला क्रमही उलटावा लागतो. आपल्याकडे भाकरी हे जेवण आणि बाकी सगळं तोंडी लावणं. इथे आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून साधारण ५ ग्रॅम मिळतात, वाटीभर घट्ट वरणातून ६-७, एका अंड्यातून ६. सोयाबीनच्या ३० ग्रॅम कोरड्या वड्यांतून मात्र सुमारे १५ ग्रॅम. या जिल्ह्यात खरिपाला नजर पोचेल तिथवर सोयाबीन असतं. ते ट्रॉलीत भरून बाजार समितीत जातं आणि घरी येतं ते फक्त तेलाच्या पिशवीतून. एकादशीलाही साबुदाण्याच्या निव्वळ पिष्टापेक्षा थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी बरी.

गोडाचा धडा शरीर स्वतःच देतं. विशेषतः बायपासनंतर उसाचा रस किंवा आमरस घेतला की साखर झपाट्यानं आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ, घाम, धडधड सुरू होते. एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाऊन हातपाय थरथरू शकतात.

शस्त्रक्रियेनंतर केसही गळतात, आणि केसांचा विषय या जिल्ह्यात वेगळा सांगायला नको. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत काही दिवसांत माणसांना टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर संशय गेला. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि खाण्यातला गहू तपासून घेतला. गव्हातून सेलेनियम जास्त पोटात गेलं आणि रुग्णांमध्ये जस्त कमी होतं, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. प्रौढाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं आणि ४०० च्या वर धोका सुरू होतो, इतका हा सूक्ष्म हिशेब आहे.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात ते वेगळ्या कारणानं. वजन झपाट्यानं उतरलेलं असतं, प्रथिनं कमी पडलेली असतात. हे केस बहुधा परत येतात. गळती लांबली तर लोह आणि जस्त तपासावं लागतं. त्या गावांचं उदाहरण मनात ठेवून एवढंच म्हणतो की दुकानातून 'केसांच्या गोळ्या' आणून मनानं खाऊ नयेत. जास्तीनंही केस जातात. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आयुष्यभर घ्यायच्या. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीवर चहा नको. तब्येत छान वाटू लागली की गोळ्या बंद होतात. बी-१२ चा यकृतातला साठा मात्र हळूहळू संपत असतो, त्यामुळे मुंग्या आणि बधिरपणा कळेपर्यंत वर्षं उलटतात.

बी-१ चं तसं नाही. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या लागून राहिल्या तर तो संपतो. मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. अशक्तपणा आला की गावात पहिली मागणी सलाईनची होते. बी-१ न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर हाच त्रास बळावून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद घरात सापडेल असा ठेवा, आणि सलाईन लावायला येणाऱ्या डॉक्टरांना तो आधी दाखवा.