चॉकलेट शेकमधली म्हैस

कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार निघते आणि फेसाळ, कोमट दूध तिथल्या तिथे ग्लासातून पोटात जाते. न उकळलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस होऊ शकतात हे डॉक्टर सांगतात आणि ते खरेच आहे. तरी कट्ट्याची सवय सुटत नाही. दुधाची पारख ज्यांच्या जिभेवर अशी बसलेली आहे, ते कोल्ड्रिंक हाऊसमध्ये चॉकलेट मिल्कशेक मागवतात तेव्हा पहिला प्रश्न चॉकलेटचा नसतोच. ‘घट्ट हाय न्हवं?’ एवढेच विचारले जाते.

हा घट्टपणा जिच्यामुळे येतो, ती मुळात पंढरपुरी म्हैस. खांद्यामागे थेट पाठीपर्यंत जाणारी लांब, तलवारीसारखी शिंगे ही तिची ओळख. पंढरपूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. भर बाजारातही ती शांतपणे दूध देते, म्हणून तर कट्ट्याचा धंदा चालतो. कोल्हापूर संस्थानात तिला राजाश्रय मिळाला तो पैलवानांच्या दुधासाठी, असे या जातीविषयीच्या नोंदींत सांगितले जाते. ते पटण्यासारखे आहे. शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ साली बांधून घेतले, पेठापेठांतून तालमी उभ्या होत्या, आणि तालमीचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात याच म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसे बांधून मिरवतात आणि मालकाच्या मोटारसायकलमागे धावतात. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांना म्हैस सुस्त वाटत असते.

पुढे दुधाचा कारभार सहकारात आला. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ सालचा. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरातला दूध संघ १९६८चा. गोकुळचे म्हशीचे दूध मुंबईपर्यंत जाते. वारणेत तर कॅडबरीसाठी बोर्नव्हिटाही तयार झाला, म्हणजे चॉकलेटी दुधाशी या जिल्ह्याचे नाते ग्लासापुरते नाही. कोकोची सोयही फार लांबची नाही. भारतात कॅडबरीने १९६५ साली वायनाडमध्ये कोकोची लागवड सुरू केली, आणि सुपारी-कोको बागायतदारांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये कर्नाटकातल्या पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला.

मिल्कशेक मात्र परका. १८८५च्या सुमारास अमेरिकेत हे नाव छापून आले तेव्हा त्याचा अर्थ दूध, अंडे आणि व्हिस्की असा होता. हॅमिल्टन बीच कंपनीचा दांड्याचा मिक्सर १९११ साली आला. तळाशी पाते फिरणारे भांडे १९२२ साली स्टीफन पोप्लावस्की यांनी बनवले. त्याच वर्षी शिकागोच्या वॉलग्रीन्स दुकानातल्या आयव्हर कोल्सन यांनी चॉकलेटी माल्टेड दुधात व्हॅनिला आइस्क्रीमचे गोळे टाकले, आणि आज आपण ज्याला शेक म्हणतो तो जन्माला आला. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेले सातू. बोर्नव्हिटाची चव तीच. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत सत्यप्रकाश माथुर यांचा सुमीत मिक्सर घरोघर पोचला आणि चटणीच्या भांड्याशेजारी शेकचे भांडे आले. पुण्याने शेकवर आइस्क्रीम चढवून मस्तानी केली. सुरतेने कॉर्नफ्लोअर घालून शिजवलेला कोल्ड कोको केला. कोल्हापूरने फळे, जेली, आइस्क्रीम एकत्र रचून कॉकटेल केले आणि चॉकलेट शेकलाही त्याच नजरेने पाहिले: ग्लास भरगच्च दिसला पाहिजे. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के, कधी त्याहून जास्त स्निग्धांश असतो. गायीच्या दुधात साधारण साडेतीन ते चार. म्हशीच्या दुधातले स्निग्धकण आकारानेही मोठे, आणि केसीन हे प्रथिनही जास्त. चहाला, दह्याला, बासुंदीला हे वरदान. चॉकलेटला मात्र अडचण, कारण कोकोच्या वासाचे बरेचसे घटक स्निग्धात विरघळतात. स्निग्ध जितके जास्त तितका तो वास आतच धरून ठेवला जातो, नाकापर्यंत उशिरा आणि कमी पोचतो. दुधातली प्रथिने कोकोतल्या तुरट द्रव्यांनाही पकडून ठेवतात. त्यात पेय बर्फगार, आणि थंडीत जिभेला गोडही कमी लागते. मग दुकानदार काय करतो? चव उठावदार होत नाही म्हणून आणखी सिरप ओततो. सिरपमध्ये साखर जास्त, कोको कमी. शेवटी ग्लासात उरते ती तपकिरी रंगाची गोड रबडी. पहिले चार घोट छान लागतात, पुढचे संपवावे लागतात.

उपाय सिरपच्या बाटलीत नाही, गॅसवर आहे. कोकोची पूड थंड दुधात नीट मिसळत नाही. तिच्यात दहा-बारा टक्के, चांगल्या पुडीत वीसच्या पुढे, कोको बटर असते. त्यामुळे पाणी तिला सहज भिजवत नाही, गुठळ्या तरंगतात आणि भिजलेली पूड तळाशी बसते. ती विरघळत नसतेच, दुधात नुसती लटकून राहते. म्हणून एका ग्लासासाठी दोन मोठे चमचे कोको, तेवढीच किंवा थोडी जास्त साखर, चिमूटभर मीठ आणि पाव वाटीहून कमी पाणी घेऊन मंद आचेवर दोन-तीन मिनिटे शिजवायचे. कोकोतला स्टार्च फुगतो, पूड पूर्ण भिजते, कच्चा वास जातो आणि चकाकणारा रस तयार होतो. मीठ खारटपणासाठी नाही. ते कडूपणाची धार बोथट करते. हा रस आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवला तर उत्तम. गरम रस दुधात ओतून वर बर्फ टाकणे म्हणजे आपणच केलेल्या कामावर पाणी ओतणे.

कोको कोणता, हेही बघावे लागते. कास्पारस व्हान हौटेन यांनी नेदरलँड्समध्ये कोकोच्या लगद्यातून बटर दाबून काढायची पद्धत १८२८ साली पेटंट केली. पुढे कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करून त्याचा आंबटपणा घालवला जाऊ लागला. असा कोको रंगाने गडद, चवीला सौम्य आणि दुधात जास्त सहज मिसळणारा. साधा कोको फिकट, किंचित आंबट, पण फळासारखा तरतरीत. म्हशीच्या दुधाला मी साधा कोको पसंत करतो, कारण जड दुधातून वाट काढायला तो थोडा आंबटपणा कामाला येतो. गडद रंगावर भुलू नये.

आता दूध. उकळून, साय काढून, रात्रभर गार केलेले हवे. सायीचा मोह इथे टाळावाच लागतो, आणि त्याचे कारण घरात ताक घुसळणाऱ्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. स्निग्धकण अर्धवट घट्ट आणि अर्धवट मऊ असतात तेव्हा, म्हणजे साधारण दहा ते पंधरा अंश तापमानाला, घुसळले की एकमेकांना चिकटून लोणी निघते. मिक्सरचे पाते रवीहून कितीतरी वेगाने फिरते. दूध पुरेसे गार नसेल आणि मिक्सर दोन-तीन मिनिटे चालला, तर शेकवर पिवळट-पांढरे कण तरंगतात आणि टाळूला तेलकट थर बसतो. चारेक अंशांचे दूध आणि अर्ध्या मिनिटाहून कमी फिरवणे, एवढे केले तर हा प्रकार होत नाही. कारखान्यात होमोजिनाइझ केलेल्या दुधात स्निग्धकण आधीच बारीक फोडलेले असतात, त्यात हा धोका कमी.

बर्फ घालू नये. वितळला की पाणी, आणि न वितळलेले खडे दातांखाली. गारवा आइस्क्रीमने आणावा: दोनशे मिलिलिटर दुधाला एक गोळा. ते उणे बारा अंशांच्या आसपासचे असेल तर दूध गोठणबिंदूच्या जवळ आणते, स्वतःतली हवा आणि बारीक स्फटिक देते. दोन गोळे घातले की पुन्हा तीच रबडी. घट्टपणा दोन तऱ्हेचा असतो. एक हवेचा आणि बारीक स्फटिकांचा, जो तोंडात लगेच मोडतो आणि मागे कोको ठेवून जातो. दुसरा डिंकासारख्या पुडींचा किंवा कॉर्नफ्लोअरचा, जो जिभेवर बसून राहतो. बाटलीबंद चॉकलेट दुधात समुद्री शेवाळापासून काढलेले कॅराजिनन अगदी अत्यल्प घालतात. ते केसीनशी जुळून नाजूक जाळे बनवते आणि कोको महिनोन्महिने तळाशी बसू देत नाही. तिथे त्याची गरज आहे. समोर बनवून पाच मिनिटांत प्यायच्या शेकला कशाला?

आणि हे कोल्हापुरात लिहिणे धाडसाचे आहे, तरी लिहितो: चॉकलेट शेकसाठी निम्मे म्हशीचे आणि निम्मे गायीचे दूध घ्यावे. पाच टक्क्यांच्या आसपासच्या स्निग्धांशावर दुधाचा भरीवपणाही राहतो आणि कोकोही बोलतो. पूर्ण म्हशीचेच हवे असेल तर कोको अर्ध्या चमच्याने वाढवावा, साखर वाढवू नये. चिमूटभर इन्स्टंट कॉफी घातली तर कडूपणाला खोली येते. कॉफी ओळखू आली तर ती जास्त झाली.

राहता राहिला गूळ. भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ दारात असताना साखर का, असे इथे कुणीही विचारेल. गूळ आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात, म्हणून उकळत्या दुधात तो घातला की दूध नासते. पाण्यात शिजवलेल्या कोकोच्या रसात मात्र त्याला काही अडचण नाही. रस पूर्ण गार करून, गाळून, गार दुधात मिसळला तर दूध फुटत नाही. कोको साधा असेल तर आंबटपणा दुहेरी होतो, म्हणून गुळाबरोबर अल्कली प्रक्रियेचा गडद कोको घ्यावा, गूळ पिवळाधमक न घेता काळसर घ्यावा आणि मीठ वगळावे, कारण गुळात क्षार आधीच असतात.