डबीतला कोळी विकत घेताय? एक्झॉटिक पेट शोमध्ये गेल्यावर नेमकं काय बघायचं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. ब्राह्मणपुरीपासून सगळ्या शहादा तालुक्याला हा बाजार माहितीये. घेणारा आधी घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, मगच भावाचं बोलतो.

पण समोर घोड्याऐवजी प्लास्टिकच्या डबीत बसलेला टॅरँटुला कोळी असेल तर?

कोळी, विंचू, गोम, शंखातले खेकडे असे पाठीचा कणा नसलेले जिवंत प्राणी आता हौसेनं पाळले जातात. जर्मनीतल्या हाम शहरात तर वर्षातून अनेकदा असे प्राणी विकण्याचा मोठा मेळा भरतो. भारतातही हे प्राणी येतात. जुलै 2021 मध्ये चेन्नईच्या कस्टम्सनं पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर आतल्या छोट्या कुप्यांमध्ये 107 जिवंत कोळी निघाले. ते परत पोलंडला पाठवण्यात आले.

मांडणीत अडचण काय आहे?

गिऱ्हाइकाला प्राणी नीट दिसावा म्हणून डबी पारदर्शक असते आणि वर लख्ख दिवा असतो. टॅरँटुला किंवा विंचवाला मात्र नेमकं उलटं हवं असतं. अंधार, लपायला जागा, पायाखाली ओलसर माती आणि शांतता.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की विंचू हिरवट-निळा चमकतो. रील छान होतं, पण विंचू या प्रकाशापासून पळ काढतो. रंगवलेल्या शंखातल्या खेकड्यांचंही तसंच. ते कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यामुळे कोरड्या डब्यात हळूहळू गुदमरतात. कुत्रं केकाटतं, मांजर ओरडतं. हे प्राणी आवाजही न करता मरतात.

कायदा त्यांना प्राणी मानतो का?

हो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? 10 ते 50 रुपये.

2018 मध्ये पेट शॉपसाठी वेगळे नियम आले. त्यातल्या पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅमस्टर, उंदीर आणि पक्षी यांची नावं आहेत. कोळी आणि विंचू नाहीत.

खरा बदल झाला तो वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनं. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी बाळगायचे तर आता नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम 2024 मध्ये आले आणि अर्ज परिवेश पोर्टलवर करायचा असतो. आफ्रिकेतला एम्परर विंचू आणि मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरँटुला या यादीत आहेत. भारत आणि श्रीलंकेतच सापडणारे, झाडावर राहणारे पोसिलोथेरिया कोळीसुद्धा 2019 पासून यादीत आहेत.

मग घेण्याआधी काय बघायचं?

• कागद: शास्त्रीय नाव काय, जंगलातून पकडलाय की पैदास केलेला, नोंदणी आहे का? टॅरँटुलाची मादी वयात यायला कित्येक वर्षं लागतात. जंगलातल्या माद्या उचलल्या की तिथली संख्या लवकर भरून येत नाही.

• पाय: कोळी अंगातल्या द्रवाच्या दाबानं पाय ताठ करतो. पाय पोटाखाली आकसलेले असतील तर तो तहानलेला किंवा मरणाच्या दारात असू शकतो. मात्र पाठीवर उलटा पडलेला कोळी बहुतेक वेळा कात टाकत असतो. त्याला हात लावला तर जीव जाऊ शकतो.

• हाताळणी: विक्रेता कोळी लोकांच्या हातावर ठेवत असेल तर लांब राहा. टेबलाच्या उंचीवरून पडूनही त्याचं पोट फुटतं. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच जाती पोटावरचे बारीक केस उडवतात. ते डोळ्यात गेले तर दुखापत होते.

• वर्षं: मादी 20 वर्षांहून जास्त जगू शकते. तेवढी तयारी आहे का?

हौस फिटली की शेतात सोडलं तर?

हे तर अजिबात करू नका. शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेची. 1847 मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यात आणून एका बागेत सोडली गेली. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या शेतकऱ्यांचं कोवळं सोयाबीन शंखी गोगलगायींनी फस्त केलं. कोणाला दुबार, तर कोणाला तिबार पेरणी करावी लागली.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणी डबी पुढे करून किंमत सांगितली, तर आधी कागद मागा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला, की पुढच्या स्टॉलकडे वळा.