पन्नीवर इशारा कुठे छापणार?

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन विदर्भात भर उन्हाळी सुटीत येतो. शाळा रिकाम्या, ऊन चाळिशीच्या वर. तरी पोस्टर लागतात आणि बहुतेक पोस्टरांवर लाल फुली मारलेली सिगारेटच असते. नागपुरात तरी ही फुली चुकीच्या जागी पडते.

तंबाखूविरोध म्हणजे धूम्रपानविरोध, हा इथला सगळ्यात जुना गैरसमज. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे, चघळणारे, दातांना घासणारे २४.४ टक्के. नागपुरात ही दुसरी गर्दी बरीचशी खर्र्याभोवती जमते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटायचा आणि तीच पन्नी गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. पुण्याकडे त्याचा भाऊबंद मावा. कॉलेजातला मुलगा ‘मी सिगारेट पीत नाही’ असे छातीठोकपणे सांगतो तेव्हा त्याच्या खिशात काय आहे, हे विचारायला हवे.

‘खर्रा पानठेल्यावर घोटतात, त्याच्यामागे कुठली आली कंपनी?’ असेही ऐकू येते. घोटणारा हात ठेल्यावरचा हे खरे. पण त्यात पडणारी सुगंधित तंबाखू कारखान्यात तयार होते, डब्यांत भरली जाते आणि बंदी असूनही परराज्यांतून येते. अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस तिचे साठे जप्त करतात, त्या बातम्या नागपूरकरांना नव्या नाहीत. ठेलेवाला या साखळीचे शेवटचे टोक. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. २०१६पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि मजकुराने व्यापलेला असावा लागतो. पुढे त्यावर तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ हाही आला. पन्नीवर यातले काहीच नाही. ज्याला इशाऱ्याची सर्वाधिक गरज, त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

‘बंदी आहे ना, मग आणखी काय हवे?’ महाराष्ट्राने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा यांनाही तिच्या कक्षेत आणले. ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखालची. तिची मुदत एका वर्षाची, त्यामुळे आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. कागदावर ती आहेच. ठेल्यावर काय चालते, ते शहरात पाच मिनिटे पायी फिरणाऱ्यालाही दिसते.

आता ‘नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही’ असे म्हणणाऱ्यांविषयी. यात पोरेही येतात आणि त्यांना गोड सुपारी आणून देणारी मोठी माणसेही. सुपारीमुळे माणसाला कर्करोग होतो, तंबाखूविनाही होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट केले. त्याआधी सुपारी आणखी एक काम करते. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू साचतात, अस्तर पांढरट आणि ताठ होते. पहिली खूण बहुधा तिखटाची. कालपर्यंत सावजीचा रस्सा ओरपणाऱ्याला साधे वरणही झोंबू लागते. मग तोंड उघडायचे कमी होते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. इथे दोन, पुढे एक. सुपारी सोडली तर पुढची वाढ आटोक्यात येऊ शकते, पण आलेला ताठरपणा सहसा पूर्ववत होत नाही आणि यातल्या काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो.

शपथ आणि प्रभातफेरी यापलीकडे मुलांच्या हाती काही नाही, हेही खरे नाही. केंद्राच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांच्या नियमावलीत नववीपासूनच्या विद्यार्थ्यांनाही ‘तंबाखू मॉनिटर’ नेमता येते. शाळेपासून १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, पिवळी रेषा आखायची असते. तिच्या आत तंबाखू विकणे २००३च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथला दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच, म्हणून ठेलेवाल्याला त्याची फिकीर नसते. त्याला बाल न्याय कायद्याचे कलम ७७ दाखवावे. अल्पवयीनाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. टेप घेऊन रेषेची मोजणी करणारे दहा विद्यार्थी मला शंभर जणांच्या फेरीपेक्षा कामाचे वाटतात.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मुलांनी १९९८मध्ये ‘ट्रूथ’ मोहिमेतून कंपन्यांवरच रोख धरला. ‘सिगारेट वाईट’ हे पालुपद सोडून कंपन्या तुम्हाला गिऱ्हाईक कसे बनवतात, ते त्यांनी उघड केले. २०००पर्यंत तिथल्या सहावी ते आठवीच्या वर्गांतले सिगारेटचे प्रमाण १८.५ वरून ११.१ टक्क्यांवर आले. त्या काळात तिथे इतर उपायही चालू होते, हे सांगायला हवे. आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह २०१६पासून ‘मुक्तिपथ’ चालवले आहे. तिथे दारू आणि तंबाखू यांविरुद्ध निर्णय गावसंघटना घेते. वरून आलेल्या आदेशापेक्षा हे अवघड, पण ठेलेवाला गावचाच असल्यामुळे परिणामकारक.

राहिला रोजगाराचा मुद्दा. ‘तंबाखू बंद झाली तर कामठी, भंडारा, गोंदियाच्या विडी कामगारांचे काय?’ प्रश्न खोटा नाही. हातावर पोट असलेल्या बायका त्यात आहेत आणि पर्यायी कामाशिवाय त्यांना उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. पण खर्र्याच्या बचावासाठी त्यांना पुढे करणे चलाखी झाली. खर्र्याला तेंदूपान लागत नाही आणि विडी वळणाऱ्या हातांना त्यातला एक पैसाही मिळत नाही.