सायकल वळताना का झुकते?

वाटूर फाट्यावर जालना-मंठा रस्ता सोडून परतूरकडे वळणारा सायकलस्वार पाहा. तो सायकलसकट वळणाच्या आतल्या बाजूला कलतो. का, असे वर्गात विचारले की 'केंद्रोत्सारी बल बाहेर ढकलते म्हणून' हे ठरलेले उत्तर येते. आम्हाला ते अपुरे वाटते; सायकलला वळवणारे बल कोणते, हे त्यात निसटून जाते.

ते बल रस्ता देतो. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण सायकलला वळणाच्या केंद्राकडे रेटते. पण ते लागते चाकाच्या तळाशी. स्वाराचा गुरुत्वमध्य मात्र सुमारे मीटरभर वर असतो. त्यामुळे चाके आत ओढली जातात आणि धड बाहेर कोसळू पाहते. एस.टी. झटक्यात सुटली की उभा प्रवासी मागे कोलमडतो, तसेच हे. स्वार आत कलला, की त्याचे वजन त्याला आत पाडू पाहते. दोन्ही परिणाम सारखे झाले की तोल राहतो.

किती कलायचे? वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले, की उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाचा टॅन मिळतो. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. वळणाची त्रिज्या 10 मीटर असेल, तर 25 भागिले 98, म्हणजे सुमारे 0.26, कोन 14 अंश. वेग दुप्पट केला तर कोन थेट 46 अंशांवर जातो! सूत्रात वस्तुमान नाही, हे मुलांच्या नजरेस जरूर आणावे. सडपातळ मुलगा असो की धिप्पाड पैलवान, कोन तोच.

सपाट रस्त्यावर घर्षणगुणांकही किमान त्या टॅनइतका लागतो. वळणावर बारीक खडी पसरली असेल तर तो मिळत नाही, आणि चाक बाहेर निसटते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा. कललेल्या सायकलचा ब्रेक दाबणे धोक्याचे.

आता खरी गंमत. डावीकडे कलण्यासाठी स्वार आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो! चाके अंगाखालून उजवीकडे सरकतात, अंग डावीकडे कलते, मग हँडल डावीकडे येते. विमानाच्या शोधाआधी सायकलचे दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटच्या हे ध्यानात आले होते. मुले हे मान्य करणार नाहीत. कोरड्या फरशीवर थोडे पाणी ओतून त्यातून मध्यम वेगाने सायकल न्यायला सांगावी व वळायला लावावे. पुढच्या चाकाची ओली रेघ वळणाआधी उलट बाजूला जरा बाक घेतलेली दिसेल.