भात वाढणाऱ्या बाया

हिरोशिगे या जपानी चित्रकाराने १८३३ च्या सुमारास काढलेल्या तोकाइदो मार्गावरील चित्रमालेत गोयु या मुक्कामाचे जे चित्र आहे, त्यात सांजवेळी खाणावळीपुढे उभ्या असलेल्या बायका वाटसरूंना ओढून आत नेत आहेत. एकाच्या गळ्यातील गाठोड्याला तर असा हिसका बसला आहे की, त्याचा जीव गुदमरावा, आणि आधीच हाती लागलेला दुसरा प्रवासी उंबऱ्याशी टेकला असून एक म्हातारी त्याच्यासाठी पाय धुण्याचे पाणी आणीत आहे.

चित्र पाहून प्रथम हसू येते खरे. परंतु या बायकांना लोक ‘मेशिमोरी ओन्ना’ म्हणजे ‘भात वाढणाऱ्या बाया’ म्हणत, आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद ‘भात विकणाऱ्या’ अशी होई, हे कळले म्हणजे त्या शब्दांआड काय झाकले होते, याचा विचार करणे प्राप्त होते. मार्गावरील मुक्कामी वेश्या ठेवण्यास तोकुगावा सरकारची मनाई होती. तथापि वाढपिणीस मनाई कशी असणार? १७१८ साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आसपासच्या मुक्कामांवर दर खाणावळीस अशा दोन बाया ठेवण्याची मुभा मिळाली, आणि पुढे एकट्या शिनागावा मुक्कामी हा आकडा ५०० पर्यंत वाढवून देण्यात आला.

या औदार्याचे कारण वेठीत होते. तोकाइदोवरील प्रत्येक मुक्कामाने सरकारी कामासाठी १०० माणसे व १०० घोडी सदैव सज्ज ठेवावीत, असा दंडक असून त्याचा मोबदला एक तर मिळत नसे, किंवा सरकारी दराने तुटपुंजा मिळे. तेव्हा गावे कर्जात बुडू लागली, की गिऱ्हाईक ओढणाऱ्या या बायांच्या कमाईतूनच ती तूट भरून निघे, आणि वरिष्ठ अंमलदार त्याकडे काणाडोळा करीत.

त्या बायांचे काय? बहुतेक गरीब कुळांच्या मुली. बापाने उचल घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत काही वर्षांच्या चाकरीचा करारनामा झालेला. नाइतो शिंजुकु या मुक्कामी मुदतीपूर्वीच जी मरे, तिचे प्रेत तेथील जोकाकुजी मंदिराच्या आवारात इतरांसमवेत पुरीत. तेथे १८६० साली उभारलेल्या स्मारकशिलेवर त्यांचा उल्लेख ‘कोदोमो’, म्हणजे ‘मुले’, असा आहे. कारण खाणावळवाले आपल्या बायांना त्याच नावाने हाक मारीत, आणि ती शिलाही त्यांनीच उभारली होती.